रखमाजीचा कावळा

नाथाच्या खाचरात भाताची लावणी रंगात आली होती आणि कुंडलिकानं पुन्हा एकदा ओळ सोडली. हातातली रोपाची मूठ त्यानं चिखलात तशीच उभी रोवली, पाठीवरची प्लास्टिकची खोळ बांधावर टाकली आणि पोटऱ्यांपर्यंतचा चिखल उपसत तो खडकाच्या दिशेनं निघाला. पळालं तर सांडतं आणि सावकाश गेलं तर थांबत नाही, अशा दोन्हींच्या मधली एक चाल त्यानं एवढ्या वर्षांत कमावली होती. गुडघे जवळ, पाठ ताठ, नजर समोर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस डोक्यावर देव घेऊन चाललाय.

"सुटली यष्टी," नाथा वाकल्या वाकल्या म्हणाला.

"आता हात दावला तरी थांबायची न्हाई," अंबूबाई म्हणाली.

ओळीतल्या बायका हसल्या. कुंडलिकाची बायको मंगल त्याच ओळीत होती. ती हसली नाही. नवऱ्याच्या वाटणीची जागा तिनं डाव्या हाताला घेतली, रोपं भराभर टोचली आणि मान वर केली नाही.

राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या अंगाच्या त्या वाडीत लावणी सावडीवर चाले. आज सगळ्यांनी नाथाच्या खाचरात वाकायचं, उद्या सगळ्यांनी कुंडलिकाच्या. पण वाकायचं म्हणजे दिवसभर वाकायचं. निम्मा वेळ खडकाआड बसणाऱ्याचा दिवस पुरा धरायचा की निम्मा, याबद्दल सावडीत काही ठरलेलं नव्हतं. ज्यांनी सावड ठरवली त्यांची पोटं बरी होती.

खडक वाडीच्या खाली, ओढ्याच्या वळणावर होता. काळा, ओला, बसलेल्या म्हशीएवढा. त्याच्या वाटेवर ग्रामपंचायतीनं पत्र्याचा फलक लावला होता, गाव हागणदारीमुक्त झाल्याचा. फलक चांगला रुंद होता. ज्यांना खडकापर्यंत दम निघत नसे त्यांना त्याचा आडोसा होई. तसे घरोघर संडास झालेही होते. नाथाच्या संडासात गोवऱ्या रचलेल्या होत्या आणि वर कोंबडी अंड्यांवर बसली होती. पाऊस आला की गोवऱ्या कोरड्या राहतात, म्हणून नाथा त्या योजनेची फार तारीफ करी. संडास नव्हता तो फक्त कुंडलिकाच्या घरी, आणि तो का नाही हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं.

कुंडलिक खडकाआड बसला. पोटात पीळ पडला, सुटला, पुन्हा पडला. कपाळावर आलेलं पाणी पावसाचं की घामाचं, ते त्यानं पुसून बघितलं नाही.

तेवढ्यात वळणावरून खाकरणं आलं.

खडकाकडं येणाऱ्यानं वळणावर थांबून खाकरायचं, ही वाडीची जुनी रीत होती. आत कुणी असेल तर तोही खाकरतो, मग आलेल्यानं थांबायचं. उत्तर आलं नाही तर मोकळं आहे असं समजून पुढं व्हायचं. दाराला कडी नाही तिथं घशाची कडी. आणि वाडीतल्या प्रत्येकाचा खाकरा प्रत्येकाला ओळखू येई.

हा खाकरा कोरडा होता. आधी लांब, मग आखूड, आणि शेवटी एक बारीकसं 'हं'. हा त्याच्या बापाचा, रखमाजीचा. आणि रखमाजी मरून आता किती पावसाळे झाले, ते मोजायचं कुंडलिकानं सोडून दिलं होतं.

त्यानं रीतीप्रमाणं खाकरून उत्तर दिलं. पुढं पावलं वाजली नाहीत. कधीच वाजत नसत. कुणी आत येत नसे, कुणी माघारी जात नसे. कुणीतरी वळणावर पावसात उभं असे, एवढंच. पहिल्यांदा झालं तेव्हा कुंडलिक अर्धवट उठून घरापर्यंत आला होता. आता सवय झाली होती. पण सवय झाली तरी मानेवरचे केस उभे राहायचे ते राहत. त्याला वाटे, आबा शब्दावर पहारा करायला येतात.

*

तो शब्द असा.

रखमाजी जिता असताना घराजवळ संडास बांधायचं नाव काढलं की भडकायचा. "ज्या वाऱ्यानं चूल पेटती त्या वाऱ्यावर ह्ये? मांजर बी लांब जातं आन् उकरून झाकतं. तुमी मांजराच्या खाली गेला का रं?" त्याचं दहावं नदीकाठी झालं. पिंड मांडले, आवडीचं सगळं मांडलं, आणि करंजावर बसलेला कावळा काही खाली येईना. थोरला म्हणून कुंडलिक पिंडाजवळ हात जोडून उभा. डोकं तासलेलं, धोतर ओलं. सगळे एकेक सुचवत होते आणि तो बोलत होता. आयला सांभाळीन. बैल इकणार न्हाई. पडवी शाकारीन. कावळा बघत होता, खाली येत नव्हता.

"रखमाजीचा जीव कशात तरी गुतलाय," जाणती माणसं म्हणाली. "इचार कर, कुंडलिका. नीट इचार कर."

नीट विचार करण्याजोगी कुंडलिकाची अवस्था नव्हती. त्याचं पोट त्याच दिवसांत बिघडायला लागलं होतं आणि त्या घडीला ते अगदी दारापाशी आलं होतं. तो या पायावरून त्या पायावर होत होता. अशा वेळी माणसाच्या डोक्यात एकच विषय असतो. तोच त्याच्या तोंडातून बाहेर पडला.

"आबा, दारात संडास बांदणार न्हाई! मी जिता हाय तवर न्हाई!"

एवढं बोलून तो करंजाच्या मागं जे पळाला ते पळालाच. मागं गलका झाला, "शिवला! शिवला!" लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाच्या दुःखानं पोराला उभं राहवलं नाही, असं सगळे म्हणाले. वेल्ह्याच्या बाजारात सुद्धा ती गोष्ट सांगितली गेली, रखमाजीचा कावळा म्हणून.

तेव्हापासून घरात संडास नव्हता आणि कुंडलिकाच्या पोटाला थारा नव्हता.

*

संध्याकाळी मंगलनं ताट वाढलं. नाचणीची भाकरी, वालाचं कालवण. कुंडलिकानं चतकोर मोडली, चघळली आणि ताट सरकवलं.

"गोळी?" मंगल म्हणाली.

"ती जेवणानंतर हाय."

"मग जेवा."

"जेवलो तर उद्या आपल्या लावणीत उभं ऱ्हायचं कसं? सगळी माणसं येणार."

गोळ्या पुण्याहून आणल्या होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आतडं आतून बघितलं होतं. बाप ज्या पोटाच्या दुखण्यात गेला ते हे नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा मंगल तिथंच भुईवर बसली होती. आतड्याला सूज आहे, बारीक जखमा आहेत; मुळातनं जाणार नाही, पण ताब्यात राहील. गोळी रोज, जेवणानंतर. उपाशी राहायचं नाही. आलेली कळ दाबायची नाही. "घरात सोय आहे ना?" त्यांनी विचारलं होतं. "हाय की," कुंडलिक म्हणाला होता, आणि मंगल छताच्या पंख्याकडं बघत राहिली होती.

जायला लागू नये म्हणून तो खात नव्हता. खात नव्हता म्हणून गोळी घेत नव्हता. जेवणच नाही तर जेवणानंतर कुठून येणार. आणि गोळी नाही म्हणून जावं लागतच होतं. करगोटा कमरेवरून घसरू लागल्यावर त्यानं त्याला गाठ मारली. गालफडं बसली. परवा मंगलनं त्याला अंगणात पाठमोरा बघितला आणि हातातली कळशी खाली ठेवली. तो हुबेहूब शेवटच्या पावसाळ्यातला रखमाजी दिसत होता.

"शब्द तुमी दिला," ती भांडी गोळा करत म्हणाली, "आन् चिखलापान्यात, इच्चूकाट्यात टमरेल घिऊन मी जातीय. मी दिला व्हता का शब्द? मला इचारलं व्हतं का त्या कावळ्यानं?"

उंबऱ्यात बसलेली बनाबाई, कुंडलिकाची आई, कापऱ्या आवाजात म्हणाली, "मेलेल्या मान्साला दिल्याला शब्द हाय, बाई."

"मेलेल्या मान्साला संडास लागत न्हाई, आत्या. जित्याला लागतो. आन् ह्ये जिते ऱ्हात्यात का ते बगा."

कुंडलिक भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. बाहेर पावसात वळणाच्या बाजूनं कुणी खाकरलं की काय, म्हणून तो कान देत राहिला.

*

त्याची लावणी काही दुसऱ्या दिवशी झाली नाही. नाथाची म्हातारी आई, चंद्राबाई, पहाटे चुलीपुढं चहा पिता पिता बसल्या जागी कलंडली. वाडीचं काम थांबलं. मग थांबलेलं काम ज्याचं त्याचं सुरू झालं, पण सावड काही जमेना. कुंडलिकाच्या तरव्यातलं रोप उंच होऊन पिवळं पडायला लागलं. त्यानं दोघातिघांना विचारून बघितलं. "येऊ की," ते म्हणाले. एकानं वर पुस्ती जोडली, "निम्मा दीस यिऊ. तुझा बी निम्माच असतुया." मंगल एकटीच खाचरात उतरली. तो बांधावर बसून तिला मुठी फेकून देई, आणि अधूनमधून त्याचीही यष्टी सुटे.

दहाव्याच्या आदल्या दिवशी नाथा दारात आला. यष्टीची थट्टा करणारा नाथा तो हा नव्हे. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"उद्याच्याला तुला नदीवं यावं लागंल."

"माझं पोट तुला ठावं हाय, नाथा. मी कुणाच्याच दहाव्याला जात न्हाई."

"म्हातारीचा जीव लई गोष्टीत व्हता. कावळा शिवायचा न्हाई, मला आताच दिसतंय. तुझ्या शब्दाला त्यो मान देतो, समद्या खोऱ्याला म्हाईत हाय. तू नुस्ता शेजारी बस. काय बोलायचं ते सांग. लेका, एवढं कर. तुझी लावणी मी करून देतो, पुऱ्या दिसाची."

पिवळं पडलेलं रोप कुंडलिकाच्या डोळ्यांपुढं आलं. तो हो म्हणाला. रात्री मात्र त्यानं पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

सकाळी पावसानं उघडीप दिली होती. धरणाखालच्या नदीकाठावर माणसं जमली. चंद्राबाईला आवडणारं सगळं पानावर मांडलं होतं, भात, भजी, कपात चहा आणि शेजारी मिश्रीची डबी. करंजाच्या फांदीवर कावळा येऊन बसला. माणसं रीतीप्रमाणं मागं सरली. कुंडलिकाला मात्र नाथानं पिंडाच्या अगदी शेजारच्या धोंड्यावर बसवलं होतं, कावळ्याला नीट दिसेल असा.

"आये, म्हस इकणार न्हाई," नाथानं सुरुवात केली.

कावळा एक फांदी खाली आला. कुंडलिकाच्या पोटात तेव्हाच पहिला पीळ पडला. तो डावीकडं कलला. कावळा वर गेला.

"म्हशीचं न्हवं त्ये," मागनं कुणीतरी म्हणालं.

"साळूताईला दर दिवाळीला आणीन. लुगडं घीन."

कावळा पुन्हा खाली आला, मान तिरकी करून भज्यांकडं बघू लागला. कुंडलिक उजवीकडं कलला, पोट धरून पुढं वाकला, ताठ झाला. कावळा पुन्हा वर.

"साळूचं बी न्हवं."

"दारू सोडतो!" नाथा ओरडला.

कावळ्यानं तोंड फिरवलं. जमलेल्या बऱ्याच जणांनाही ते पटलं.

"कुंडलिका, तू बोल," नाथा रडकुंडीला आला. "म्हातारीला काय पायजे, इचार. बोल, लेका!"

कुंडलिकानं तोंड उघडलं. पण आता बोलायचं तर सगळंच बोललं जाईल, अशी वेळ आली होती. त्यानं तोंड मिटलं, उठला, आणि आपली ती दोन्हींच्या मधली चाल विसरून सरळ धावत सुटला. करंज ओलांडले, धोंडे ओलांडले, मोठ्या कातळाच्या मागं तो कसाबसा टेकला.

आणि मागं गलका झाला.

"शिवला! शिवला!"

कातळाआड बसलेला कुंडलिक दचकला. तो काहीच बोलला नव्हता. मनातसुद्धा बोलला नव्हता. मनात एक करंज आणि एक कातळ एवढंच होतं. बसल्या जागेवरून त्याला एकेक दिसायला लागलं. आपण कललो, कावळा वर. आपण वाकलो, कावळा वर. आपण उठून पळालो, कावळा खाली. मग त्या दिवशीचं ओलं धोतर दिसलं, या पायावरून त्या पायावर नाचणारा स्वतःच दिसला, आणि करंजावर बसून हे बेणं कधी हलतंय याची वाट बघणारा भुकेला कावळा दिसला.

पोट मोकळं झालं तरी तो बराच वेळ उठला नाही.

परत आला तेव्हा नाथानं त्याला मिठी मारली. "काय बोललास रं मनात?"

"कायच न्हाई, नाथा. खरंच कायच न्हाई."

"सांगत न्हाई बगा," नाथा लोकांना म्हणाला. "म्हातारीचं आन् त्याचं हाय त्ये." आणि सगळ्यांनी मान डोलावली.

*

धरणाच्या रस्त्यानं घरी येताना कुंडलिकानं मंगलला सगळं सांगितलं. आधी कलणं, मग वाकणं, मग पळणं. मंगल चालता चालता थांबली. रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि पदर तोंडात धरून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी थांबेना तेव्हा कुंडलिकाला कळलं की हसणं मघाशीच संपलंय.

"म्हंजी एवढी वर्सं," ती म्हणाली, "ढेकळाएवढ्या पाखराला तुमची भीती वाटली म्हणून मी त्या खडकाकडं जातीय?"

"मला काय ठावं व्हतं?"

"दोन डाव चिखलानं न्हाणं झालं माझं त्या वाटंवर, घसरून. आपली सून आरती बाळ घिऊन हितं टिकत न्हाई, सोमनाथासंगं कापूरव्हळाला खोली करून ऱ्हाती. आन् तुमी? तुमी आत्याच्या डोळ्यांदेखत वाळून चालला. कावळा खाली यावा म्हणून!"

कुंडलिकानं नदीकडं वळून बघितलं. मग म्हणाला, "नाथाला सांगू? त्याची समजूत झालीय..."

"गप ऱ्हावा," मंगल पदरानं तोंड पुसत उठली. "लावणी होऊ द्या आदी."

लावणी झाली. नाथानं सगळी वाडी आणली. कुंडलिक दोनदा खडकाकडं गेला तरी कुणी यष्टीचं नाव काढलं नाही. अंबूबाईनं तर त्याला जायला ओळीतून वाट करून दिली. ज्याच्या पोटाला कावळे मानतात त्याला हसायचं कसं, अशी पंचाईत सगळ्यांची झाली होती.

*

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो खडकाकडं गेला. पाऊस भुरभुरत होता. तो आडोशाला बसला आणि वाट बघू लागला.

खाकरा आलाच. लांब, आखूड, आणि शेवटी 'हं'.

कुंडलिक उत्तर द्यायचं विसरला. कावळा जर नुसता कावळा होता, तर शब्द कुणी घेतलाच नव्हता. मग पहारा कशाचा? मग वळणावर येऊन थांबतं कोण, आणि कशासाठी?

"आबा," तो हळूच म्हणाला, "बांदू का?"

ओढ्याचं पाणी वाजत राहिलं. मग पुन्हा तेच खाकरणं, तेवढंच, जरा घाईचं. ते हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. पाळी यायची वाट बघणारं माणूस खाकरतं तसं ते होतं.

आणि तिथं बसल्या बसल्या त्याला तो शेवटचा पावसाळा आठवला. आठवला म्हणजे, विसरला कधीच नव्हता. त्या बाजूला तो वळत नव्हता. आबांना चालवत नव्हतं. रक्त पडतंय हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, नुसतं "पोट इटलंय" म्हणत. कुंडलिक त्यांना पाठीवर घेऊन इथं आणत असे, दोघांवर मिळून एक घोंगडी. एकदा फलकापाशी पोचता पोचता त्याची पाठ गरम झाली. पाऊस गार होता आणि पाठ गरम झाली. त्यानं त्यांना ओढ्यात नेऊन धुतलं, लहान पोराला धुवावं तसं, आणि आबा सगळा वेळ डोळे घट्ट मिटून होते.

त्या दिवसापासून त्यांचं ताट भरलेलं परत यायला लागलं. भूक न्हाई, म्हणत. रखमाजीनं माया सोडली, असं वाडी म्हणाली. माया नव्हती सोडली. खाल्लं तर जावं लागेल, आणि जायचं तर पोराच्या पाठीवर. म्हणून त्यांनी खाणं सोडलं होतं. कुंडलिकाला ते तेव्हाही ठाऊक होतं, आणि ताट पुन्हा त्यांच्यापुढं सरकवायचा धीर त्याला झाला नव्हता. घराला लागून एक आडोसा असता, एक दार असतं, तर.

तो उठला. वळणावर आला. तिथं कुणी नव्हतं. ओल्या गवतावर पाय उमटलेले नव्हते. पण गवताचा एक पट्टा मात्र कुणी बराच वेळ उभं राहिल्यासारखा दबलेला होता. म्हैस बसली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

घरी येऊन त्यानं कुदळ काढली आणि परसात, शेवग्याच्या पलीकडं, खड्ड्याची आखणी केली. मंगल दारात येऊन उभी राहिली. बनाबाई उंबऱ्यावरून बघत होती. आता रडारड होणार, असं कुंडलिकाला वाटलं. म्हातारी उठली, आत गेली. माळ्यावर काहीतरी खडखडलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक जुनं टमरेल होतं, ॲल्युमिनियमचं, एका अंगाला चेपलेलं. रखमाजीचं. पदरानं त्यावरची जळमटं पुसून तिनं ते शेवग्याच्या बुंध्याशी ठेवलं.

"खड्डा जरा खोल काड," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

*

संडास भादव्यात उभा राहिला. सिमेंटचे ठोकळे, वर पत्रा, निळं दार, आतून कडी. सोमनाथानं कापूरहोळच्या एका दुकानातून भांडं आणलं, आणि ते आणताना टेम्पोत मांडीवर धरून आणलं. नाथा बघायला आला आणि निळ्या दाराला हात लावून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "आबांचा शब्द?"

"आबांना इचारलं," कुंडलिक म्हणाला.

त्यावर नाथाची काही शंका उरली नाही. ज्याला कावळे ऐकतात त्याला बाप ऐकणारच.

कुंडलिक जेवायला लागला. पहिले काही दिवस तो प्रत्येक घासाला थांबून पोटाकडं कान द्यायचा. कळ आली की चार ढांगांवर दार होतं. आणि दार आहे म्हटल्यावर कळ पण पूर्वीसारखी अंगावर धावून येईनाशी झाली. जेवण झालं की जेवणानंतर आपोआप आलं, आणि जेवणानंतरची गोळीही पोटात गेली. करगोट्याची गाठ सोडावी लागली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सोय आहे ना?" तेव्हा मंगलनंच उत्तर दिलं, आणि दाराचा रंगसुद्धा सांगितला. दुखणं गेलं नव्हतं. मधूनच एखादा दिवस तसा येई. पण कापणीच्या सावडीत त्यानं नाथाच्या खाचरात ओळ धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही.

खडकाकडं तो गेला नव्हता. कधी पहाटे वाऱ्यावर काहीतरी आल्यासारखं वाटे. तो कूस बदलून निजे. आता तिथं उत्तर द्यायला कुणी नव्हतं. उत्तर आलं नाही म्हणजे मोकळं समजायचं, ही रीत. म्हणजे आबांना खडक मोकळा मिळाला असणार. त्यानं तशी मनाची समजूत घालून ठेवली होती.

भात घरात आलं त्या दिवसांतली गोष्ट. धुकं इतकं उतरलं होतं की राजगड तर सोडाच, शेवगासुद्धा दिसत नव्हता. उजाडत होतं. घरातली सगळी निजलेली. आरती बाळाला घेऊन आली होती, ती निजलेली. कुंडलिक संडासात बसला होता, आतून कडी लावून, निवांत. बिडी ओढावी का, असा विचार चालला होता.

दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

लांब. मग आखूड. आणि शेवटी बारीकसं 'हं'.

अगदी दाराशी. धुक्यात उभं राहून माणूस कुडकुडतं तसं श्वास ओढणंही ऐकू आलं. कुंडलिकाच्या हातातली काडेपेटी भांड्यात पडली. मानेवरचे केस उभे राहिले. रीतीप्रमाणं उत्तर घशाशी आलं.

त्यानं उत्तर दिलं नाही. घाईघाईनं पाणी घेतलं, उठला, कडी काढली. बाहेर धुकं होतं आणि दुसरं कुणी नव्हतं. शेवग्याखालचं चेपलेलं टमरेल त्यानं चाचपून घेतलं, रांजणातून काठोकाठ भरलं आणि आत नेऊन ठेवलं, उजव्या हाताला, आबांचा हात जाईल तिथं. मग बाहेर येऊन दार सताड उघडलं.

"मोकळं हाय, आबा," तो म्हणाला. "सावकाश होऊ द्या. घाई न्हाई."

आणि पाठमोरा होऊन तो शेवग्यापाशी उकिडवा बसला. मागं दाराची बिजागरी कुरकुरली. वारा नव्हता. दार हळूहळू मिटत गेलं, आणि मग आतून, बेतानं, कडी लागल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं मंगल डोळे चोळत, टमरेल घेऊन परसात आली. त्याला तसा गारठ्यात बसलेला बघून थांबली. मिटलेल्या दाराकडं बघितलं.

"आत कोण हाय?"

कुंडलिकानं मागं बघितलं नाही.

"थांब जरा," तो म्हणाला. "घरचंच मानूस हाय."